साहेबांच्या बाटलीचं बूच

बदनापूर,
शुक्रवार, दि. २३ मे १९७५

आदरणीय पुंजाराम दाजी यांस,

साहेबरावाचा मनापासून जयभीम. शिवकन्याअक्काला जयभीम सांगा, पोरांच्या पाठीवरून माझ्या वतीनं हात फिरवा. इकडे सर्व खुशाल आहे. (हे वाक्य सवयीनं लिहिलं गेलं. पुढं वाचत जाल तसं ते हळूहळू खोडत जा.) तुमचा गुडघा काय म्हणतो? अक्काचा खोकला गेला का? स्वतः दवाखान्यात कंपाउंडर असून बायकोचा खोकला दोन महिने राहतो, याबद्दल आमची आई तुम्हाला काही बोलणार होती, पण मी तिला सांगितलं की दाजींच्या हातात फक्त बाटली भरणं असतं, गुण येणं डॉक्टरच्या हातात असतं.

पत्र लिहिण्यास कारण असं काही नाही. साहेबरावाचं पत्र आलं म्हणजे काही तरी काम निघालं असणार, असं अक्का लिफाफा फोडायच्या आधीच म्हणेल. तिला सांगा, यावेळी तसं बिलकुल नाही. माणसाला कधी कधी नुसतं मन मोकळं करावंसं वाटतं.

तुम्हाला माहीत आहे की आमच्या बियाणे संघात मी हंगामी कारकून आहे. बाजरीचा हंगाम चार महिन्यांचा, कपाशीचा आठ महिन्यांचा. माझा हंगाम तेवढा सात वर्षं चालू आहे. मला कायम करण्याचा कागद यंदा एकदाचा तयार झाला आणि आमच्या मॅनेजरच्या, म्हणजे वालूरकर साहेबांच्या टेबलावर जाऊन बसला. एकतीस मेच्या आत त्यावर सही झाली तर मी कायम, नाहीतर जूनमध्ये नवी भरती आणि मी घरी. अशा वेळी साहेबांचं काही काम आपल्या हातून बिघडू नये म्हणून माणूस किती जपतो! मी तर साहेबांची सावली भिंतीवर पडली तरी तिला वाट देत होतो.

साहेब शिस्तीचे आहेत. इथल्या दारूबंदी प्रचार समितीचे अध्यक्षही तेच. दर दोन ऑक्टोबरला ते शाळेच्या पटांगणात दारूवर तास-दीड तास बोलतात, आणि इतकं बारकाईनं बोलतात की ऐकणाऱ्यांपैकी दोन-चार जण तिथूनच थेट तिकडं जातात. ऑफिसात पाण्याचा माठ एक आहे, पण साहेबांचा गिलास वेगळा, कपाटात, कुलपात. (याला ते स्वच्छता म्हणतात.) आमच्या पोराच्या नामकरणाला साहेब घरी आले होते. खुर्चीवर बसले. चहाला म्हणाले, पथ्य आहे. पाण्याला म्हणाले, आत्ताच पिऊन आलो. साखर मात्र हातावर घेतली, आणि ती मूठ जाईपर्यंत उघडली नाही. ती साखर नंतर दारातल्या लिंबाखाली मुंग्यांना सापडली. मुंग्यांनी काही पथ्य पाळलं नाही.

तर मार्च महिन्यात फ्रान्स देशाचा एक पाहुणा आमची बाजरी बघायला आला. दोन दिवस कणसं बघून तो खूश झाला आणि जाताना त्यानं साहेबांच्या हातात एक बाटली दिली. आत द्राक्षाची दारू, लाल. दुभाष्यानं तिचे नियम समजावून सांगितले: बाटली कधी उभी करायची नाही, आडवीच ठेवायची. कारण तिचं बूच म्हणजे एका झाडाची साल. ती आतून ओली राहिली तर फुगून घट्ट बसते. वाळली की आकसते, हवा आत शिरते आणि दारू नासते. मला हे ऐकून त्या देशाचं नवल वाटलं. आपल्याकडं दारू पिणारा आडवा होतो, तिकडं दारूच आधी आडवी करून ठेवतात.

साहेबांनी बाटली घेतली खरी, पण ठेवायची कुठं? घरी बाईसाहेब कडक. ऑफिसात समितीचा फलक. मग त्यांनी मला आत बोलावलं, दार लोटलं आणि बाजरीच्या नमुन्याच्या पिशवीत गुंडाळलेली ती बाटली माझ्या हातात दिली. म्हणाले, “वाहुळे, तुमच्याकडं असू द्या. तुम्ही दर रविवारी पंचशील घेता, तुमच्यावर कुणी शक घेणार न्हाई. आन् तुमच्या वस्तीत आमच्यापैकी कुणाचं येणंजाणं बी न्हाई.” दाजी, दोन्ही कारणं बराबर होती. ज्या घरचं पाणी चालत नाही त्या घरात दारू मात्र चालते, हे माझ्या लक्षात यायला सायकलवरून घरी पोचेपर्यंतचा वेळ लागला. तोवर मी ‘हो साहेब’ म्हणून बसलो होतो.

घरी मी सांगितलं की हे बियाण्याला लावायचं औषध आहे, जहरी आहे, हात लावू नका. बाटली फडताळात आडवी ठेवली. दुसऱ्या दिवशी बघतो तर उभी. मी आडवी केली. तिसऱ्या दिवशी पुन्हा उभी. आमच्या आईचं काम. (सगुणाबाई वाहुळे यांच्या राज्यात धडधाकट वस्तू आडवी पडलेली चालत नाही.) म्हणाली, “आडवं पडतंय ते एक तर आजारी, न्हाईतर दारुडं. बाटलीला काय झालंय?” मग दीड महिना आमच्या घरात हाच कारभार चालला. सकाळी आई बाटली उठवायची, संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर मी तिला झोपवायचो. मधल्या काळात तोंडावरचा लाल चकचकीत कागद आईनं काढून वारा घ्यायच्या विंझण्याला चिकटवला. विंझणा मात्र फार शोभिवंत झाला आहे, अक्का आली की बघेल.

मग मे महिना लागला. आमची पत्र्याची खोली तुम्ही पाहिली आहे. दुपारी आत भाकर नुसती ठेवली तरी भाजेल. एके दिवशी बघतो तर बूच अर्धा इंच वर आलेलं. मी अंगठ्यानं दाबलं. दुसऱ्या दिवशी पाऊण इंच. उन्हानं आतली दारू फुगत होती आणि दिवसभर उभी राहून बूच वाळत होतं, हे मला आज कळतं. त्या दिवशी मला एवढंच दिसलं की माझं कायम होणं त्या बुचाबरोबर बाहेर येऊन राहिलंय. मी खलातला बत्ता घेतला आणि वरून एक ठोका दिला. जरा जोरात बसला. बूच सरळ बाटलीच्या आत गेलं आणि आतली दारू तेवढ्याच तातडीनं बाहेर माझ्या ऑफिसच्या शर्टावर आली.

आमची बेबीनंदा धावत आली. तिनं शर्टाचा वास घेतला, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, “बियाण्याच्या औषधाचा असला वास येतो का? पाचवं शील, दारूला न शिवायचं, तर विहारात तुम्हीच सगळ्यांत मोठ्यानं म्हणता.” मग सगळं सांगावं लागलं. त्याच घाईत बाटलीचं तोंड बंद करायला म्हणून मी कोपऱ्यातला चिंधीचा बोळा उचलून लावला. दुसऱ्या दिवशी कळलं की तो रॉकेलच्या बाटलीचा होता. आता दारूला असा वास येत होता की ती प्यायल्यापेक्षा कंदिलात घातली असती तर बरी चालली असती.

तोवर हे आईच्या कानावर गेलं. येत्या रविवारी बुद्ध पौर्णिमा. घरात खीर व्हायची, वस्तीतली माणसं यायची. आईनं निकाल दिला की ही बाटली आजच्या आज मोरीत ओत. आता तुम्ही बाटल्यांच्या व्यवसायातले, तुम्हाला मजा वाटेल. बूच आत असलेली बाटली ओतता येत नाही! उलटी केली की बूच आतून तरंगत येऊन मानेत बसतं आणि दोन थेंब पडून काम बंद. शेवटी छत्रीची काडी आत घालून बूच मागं दाबून धरायचं आणि धार सोडायची, असं सगळी दुपार चाललं. मी काडी धरली होती, बेबीनंदानं बाटली, आणि आई खाटेवर बसून देखरेख करत होती. माझ्या सात वर्षांच्या नोकरीची एवढी बारीक धार मी कधी पाहिली नव्हती.

बाटली रिकामी झाली आणि मी कपाळाला हात लावून बसलो. साहेबांनी आदल्याच दिवशी सांगितलं होतं की रविवारी दुपारी येऊन माल बघतो. बेबीनंदा म्हणाली, “मंग भरून ठेवा. आत काय असतंय ते त्यांनी तरी कुठं चाखून पाह्यलंय?” दाजी, बहिणीच्या नवऱ्यापाशी बायकोची तारीफ करू नये, पण ही बाई मॅनेजर व्हायला हवी होती. तिनं चिंच कोळली, गूळ घातला, पानवाल्याकडून काथ आणून उगाळला आणि रांजणातल्या पाण्यात सगळं कालवून गाळलं. रंग असा उतरला की फ्रान्सवाल्यानं आपलीच म्हणून ओळखली असती. म्हणाली, “ह्याच्यात दारू न्हाई, माझं शील कुठं मोडत न्हाई. साहेबाचं काय मोडतंय ते साहेब बघंल.”

राहिलं आतलं बूच. ते साबूत बाहेर आलं पाहिजे, मग बाहेरून बसवता येईल. यावर एकच माणूस, कडूबा. कुणाची बादली, कळशी विहिरीत पडली की गळ टाकून काढणारा. पंचक्रोशीत त्याच्या गळाला न लागलेली कळशी नाही. निरोप गेला, “वस्तू आत पडलीय, ये.” तो खांद्यावर दोराचं वेटोळं आणि हातात ते मोठे लोखंडी आकडे घेऊन आला आणि विहीर कुठं म्हणाला. मी बाटली दाखवली. त्यानं ती उन्हाकडं धरून एक डोळा मिटून आत पाहिलं, तळ पाहिला, कड पाहिली. “किती परस खोल?” असं विचारून राहिला, सवयीनं. मी म्हणालो, वीतभर. “पाणी हाय का?” म्हटलं, नाही. “मंग आधी पाणी भरा. कोरड्यात कडूबा गळ टाकत न्हाई, इज्जत जाती.”

पाणी भरलं. नारळ फोडायला लावला. (विहिरीत उतरण्याआधी फोडतात तसा. बाटलीत कुणी उतरणार नव्हतं, पण रीत म्हणजे रीत.) सायकलच्या आऱ्याची तार वाकवून त्यानं इवलासा गळ केला, सगळ्यांना गप्प बसवलं, पालथा पडला आणि तासभर त्या बाटलीत मासे धरावेत तसा गळ फिरवत राहिला. बूच तरंगून मानेत आलं, गळाला लागलं, कडूबानं हळूच ओढलं आणि बुचाचे तीन तुकडे आणि एक मूठ भुसा बाहेर आला. मी ओरडलोच. तो शांतपणे तार पुसत म्हणाला, “वस्तू काढायची बोली होती. वस्तू निघाली. साबूत निघंल असं मी म्हणलो न्हवतो.” आणि नारळ घेऊन गेला.

तर असं सगळं आहे. बाटली आता बेबीनंदाच्या चिंचगुळानं भरलेली आहे, आडवी ठेवता येत नाही, कारण तोंड उघडं आहे. आईला मात्र आता तिच्याबद्दल काही तक्रार राहिलेली नाही. बाकी विशेष काही नाही. गुडघ्याला जपा. अक्काला इकडची काळजी करू देऊ नका.

तुमचाच,
साहेबराव वाहुळे

ता. क. — दाजी, सहज आठवलं म्हणून लिहितो. तुमच्या दवाखान्यात मिक्श्चरच्या बाटल्यांना अजून बूच लावतात ना? एक पाठवा. अंगठ्याएवढं जाड, दोन अंगठ्यांएवढं लांब. वापरलेलं चालेल, पण खोकल्याच्या औषधाचा वास नको. एक टोक लाल औषधात बुडवून काढलंत तर उपकार होतील. हे पत्र मच्छिंद्र कंडक्टरच्या हाती आज संध्याकाळच्या गाडीनं देतो, त्याच्याच हाती रविवारी सकाळच्या गाडीनं बूच द्या. अगदी जल्दी. अक्काला सांगू नका की काम निघालं.

दुसरा ता. क., सोमवार दि. २६ — मच्छिंद्रला ऊन लागलं, तो गाडीवर आलाच नाही. पत्र माझ्या खिशातच राहिलं. आता पुढचं लिहून टपालानं टाकतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, अर्धवट सोडलं.

रविवार उजाडला, बूच नाही. घरात सकाळी वंदना झाली, खीर झाली, माणसं येऊन गेली, आणि मी हात जोडून बसलो होतो तरी मन बाटलीच्या उघड्या तोंडापाशी. दुपार व्हायला आली तेव्हा बेबीनंदानं मक्याच्या कणसाचं दाणे काढलेलं एक वाळकं बुरकुंड घेतलं, ब्लेडनं तासलं, काथाच्या पाण्यात बुडवलं आणि बाटलीत ठोकून बसवलं. वरून विंझण्यावरचा लाल कागद काढून लावला. मी म्हणालो, मेलो. ती म्हणाली, “कायम होईपर्यंत मरू नका.”

दोन वाजता साहेब आले. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, तरी डोक्यावरून उपरणं घेतलेलं. बेबीनंदानं खिरीची वाटी पुढं केली. म्हणाले, पथ्य आहे. पाणी पुढं केलं. म्हणाले, आत्ताच पिऊन आलो. मग दार लावून घ्यायला सांगितलं आणि हळूच म्हणाले, “घरी नेण्यात मतलब न्हाई. खराब तर झाली न्हाई ना, तेवढं इथंच बघू.” आणि उपरण्यातून त्यांनी सुताराचं गिरमिट काढलं! असलं बूच फिरकीनं काढतात हे त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं. बाटली मांडीत धरून त्यांनी गिरमिट फिरवलं. बुरकुंडाचा चुरा पडू लागला. मी डोळे मिटले. “बघा वाहुळे,” साहेब म्हणाले, “अस्सल बूच असंच भुरभुर झडतं. फ्रान्सचं झाड हाय, आपल्याकडं होत न्हाई.” आमच्या परसात त्याची सात ताटं वाळत पडली आहेत, हे मी बोललो नाही.

आणि मग ते म्हणाले, “गिलास आणा.”

दाजी, सात वर्षांत हे पहिल्यांदा घडलं. बेबीनंदानं गिलास विसळला, रांजणाच्याच पाण्यानं. साहेबांनी पहिला घोट घेतला. काथानं जीभ ओढली गेली, तोंड वाकडं झालं. साहेबांनी डोळे मिटून मान डोलावली. “हीच ती! इकडच्या पाण्याला ही चव येणं शक्य न्हाई. पाणीच निराळं त्यांचं.” एक गिलास झाला, दुसरा झाला. तिसऱ्याला त्यांची जीभ जड झाली, डोळे लाल झाले. (खोलीत ऊनच तेवढं होतं.) माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “डोकं फिरून राह्यलंय, म्हणून बोलतो. वाहुळे, माणूस म्हणून आपण सगळे एकच. मला नेहमी वाटतं. पण शुद्धीवर बोलता येत न्हाई.” मला हसू यायला पाहिजे होतं, ते आलं नाही. वाईट वाटलं, खरंच सांगतो. सात वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली ते निघालं, आणि निघालं कशावर, तर चिंचगुळावर. जाताना साहेब लिंबाला धरून धरून गेले, आणि ते बूच आठवण म्हणून खिशात घालून घेऊन गेले.

आज सकाळी ऑफिसात ताठ बसलेले होते. माझ्या कागदावर सही केली. मी कायम झालो, दाजी! आनंदाच्या भरात मी माठातलं पाणी त्यांच्याच गिलासात भरून पुढं केलं. माझ्याकडं न बघता म्हणाले, “असू द्या. शिपाई देईल.” कपाट उघडं होतं. आत गिलासाच्या जागेशेजारी ते बुरकुंड उभं करून ठेवलेलं आहे.

तिसरा आणि शेवटचा ता. क. — बूच पाठवू नका. आता गरज गिलासाची आहे. काल साहेब गेल्यावर आईनं त्यांचा गिलास चिमटीत उचलून फडताळावर वेगळा, पालथा घातला. म्हणाली, दारू पिणाराचा गिलास आमच्यात नको. बेबीनंदानं लाख समजावलं की आई, दारू नव्हती, आपल्याच रांजणाचं पाणी होतं. आई म्हणाली, “त्यो काय समजून पिला? दारू समजून ना? मंग पिलाच. मन बघायचं असतंय, पाणी न्हाई. पुन्हा आला तर त्याला त्यातच द्या, बाकी कुणी हात लावू नका.” तिच्यापुढं कुणाचं चालतं? घरात गिलास कमी, त्यातला एक असा सोवळ्यात गेला. आज दोन पाहुणे आले, तर त्यांना देऊन मला ओंजळीनं प्यावं लागलं. म्हणून अक्का येईल तेव्हा एक गिलास घेऊन येऊ द्या. कुठलाही चालेल, फक्त सगळ्यांनी मिळून वापरायचा आहे.